गुरुवारची ओळ

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या शेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाच्या मावशींच्या सुट्ट्या, लाइट बिल भरल्याची खूण, सगळा संसार त्याच्यावर. गेल्या काही वर्षांत त्यात पेन्सिलीच्या छोट्या गोलांची भर पडली. एक गोल म्हणजे एक रिचार्ज. गोलात ‘अ’ असेल तर तो अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा.

२०२५च्या श्रावणातल्या एका रविवारी दुपारी मी ते कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, टेबलावर पसरलं आणि जानेवारीपासून ‘अ’ शोधत गेले. ९ जानेवारी, ६ फेब्रुवारी, ६ मार्च, ३ एप्रिल. पुढे मे महिन्यात दोनदा, १ तारखेला आणि २९ तारखेला. मग २६ जून, २४ जुलै. तारखा मागे मागे सरकतात, पण सगळे गोल एकाच आडव्या ओळीत. गुरुवारच्या. अठ्ठावीस म्हणजे बरोबर चार आठवडे, त्यामुळे हा रिचार्ज तारखेला कधी सापडत नाही, वाराला मात्र चिकटून राहतो. डिसेंबरपर्यंत बोट फिरवत मोजलं तर तेरा गोल झाले. वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांनाच माहीत असतं. पण आपल्याच हातचे गोल एका ओळीत असे उभे राहिलेले पाहिल्यावर पोटात कालवलं. पैशांपेक्षाही २४ जुलैच्या गोलामुळे.

त्या गुरुवारी दिव्याची अवस होती. एरवी सासूबाईंचा गुरुवारचा उपवास असतो, बुधवारी रात्री साबुदाणा भिजत घातला की मला अण्णांचा रिचार्ज आठवायचा. त्या दिवशी मात्र सकाळपासून समया, निरांजनं आणि माळ्यावरचा लामणदिवा चिंचेनं घासण्यात गेली. संध्याकाळी पाटावर दिवे मांडले, कणकेचे दिवे उकडले, आणि गोल तसाच राहिला.

अण्णा राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी एकटे राहतात, आम्ही कोल्हापुरात. अणुस्कुऱ्याच्या घाटानं तसं अंतर फार नाही, पण पावसाळ्यात ते अंतर वाढतं. रोज संध्याकाळी दिवेलागणीला अण्णांचा मिस्ड कॉल येतो. एक रिंग म्हणजे सगळं ठीक. लागोपाठ दोनदा आला की मी फोन करायचा. मोबाइलवर बोलणं महाग होतं तेव्हाची ही सवय. भारतात १९९५ साली मोबाइल आला तेव्हा मिनिटाला सोळा रुपये पडायचे आणि येणाऱ्या फोनचेही पैसे लागायचे. आमच्या घरात तो यायला पुढे बरीच वर्षं गेली, पण बोलणं म्हणजे पैसा हे अण्णांच्या हाडात त्याच्या कितीतरी आधीपासून मुरलेलं होतं. राजापुरात एसटीडी बूथवर रात्री उशिरा पाव दर सुरू होण्याची वाट बघत रांगेत उभं राहिलेला माणूस तो. आता बोलणं कितीही करा, वेगळे पैसे पडत नाहीत, हे मी शंभरदा सांगितलं. ते मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी मिस्ड कॉलच देतात.

गुरुवारी मिस्ड कॉल आला नाही. शुक्रवारीही नाही. पावसात रेंज जाते, वीज जाते, फोन चार्ज होत नाही, म्हणून मी मनावर घेतलं नाही. शनिवारी सकाळी मात्र राहवेना, मीच लावला. अण्णांनी उचलला. आवाज खोल गेलेला. गुरुवारी रात्रीपासून ताप होता. ‘मी लावत होतो गो,’ ते म्हणाले, ‘पण ती बाई मधेच कायतरी बोलायची नि बंद व्हायचा. मला वाटलं फोनच बिघडला.’

रिचार्ज संपला की आधी जाणारे कॉल बंद होतात. येणारे आणखी काही दिवस चालू राहतात, म्हणून तर माझा लागला. दोन रात्री तापानं फणफणलेला पंचाहत्तरीचा माणूस मला फोन लावत राहिला आणि पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज त्याला रिचार्ज करायला सांगत राहिला. मी त्याच मिनिटाला १९९ रुपये भरले, शेजारच्या काकूंना फोन करून पेज पाठवायला सांगितलं, आणि दुपारच्या गाडीनं निघाले. ताप चार दिवसांत उतरला. मला त्या गोलाकडे बघवेना.

म्हणून तो रविवार. घरातले टीव्ही, इंटरनेट आणि फोन यांवर वर्षाला नक्की किती जातात आणि कशासाठी जातात, हे एकदा पुरतं लिहून काढायचं ठरवलं. घरात चार फोन: नवरा, मी, सासूबाई आणि पुण्याला हॉस्टेलवर असलेली लेक. चौघांनाही २९९चा २८ दिवसांचा पॅक, रोज दीड जीबी. म्हणजे वर्षाला १५,५४८. अण्णांचे १९९ गुणिले तेरा, २,५८७. फायबरचं इंटरनेट ६९९चं, पण वर अठरा टक्के जीएसटी, म्हणून महिन्याला सव्वाआठशेच्या आसपास, वर्षाचे ९,८९८. केबल दोन टीव्हींची, महिन्याला ६२०, वर्षाचे ७,४४०. आणि ओटीटीच्या, म्हणजे इंटरनेटवर सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या ॲपच्या, तीन वर्गण्या, मिळून ४,७८६. बेरीज ४०,२५९.

मी दोनदा करून पाहिली. किराणा भरताना दहा रुपयांनी तूरडाळ महागली तर मी दुकानदाराशी बोलते. ही रक्कम माझ्या डोळ्यांसमोर कधी एकत्र आलीच नव्हती, कारण ती कधी एकत्र जातच नाही. दोनशे इथे, तीनशे तिथे, काही तर आपोआप. दूधवाला निदान पहिल्या तारखेला दारात उभा राहतो.

सगळ्यात आधी सापडलं ते आपोआप जाणारं. फोनमधल्या यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपेचं एक पान असतं. तिथे आपण कुणाकुणाला दर महिन्याला पैसे उचलायची परवानगी दिली आहे, ते सगळं दिसतं. मी ते पान पहिल्यांदाच उघडलं. एका ओटीटीला दर महिन्याला १९९ जात होते. लेक बारावीत असताना घेतलेली वर्गणी, ती हॉस्टेलला गेल्यापासून घरात कुणी उघडलीही नव्हती. कापायच्या आधी मेसेज येतो, तो नियमच आहे, पण दिवसभरात इतके मेसेज येतात की त्यात तो वाहून जातो. रद्द करायला अर्धं मिनिट लागलं. दुसरी एक ८९९ची वर्षाची होती, ती संपेल तेव्हा पुन्हा घ्यायची नाही असं ठरलं.

इंटरनेटची गंमत लेकीनं सोडवली. गणपतीला घरी आली होती. मागच्या खोलीत व्हिडिओ अडकतो म्हणून आम्ही दोन वर्षांपूर्वी मोठा प्लॅन घेतला होता, १०० एमबीपीएसचा. तिनं फोनवर वेग मोजला. राउटरपाशी ९६, मागच्या खोलीत ४. ‘आई, वाय-फायचा डबा लोखंडी कपाटाच्या मागे कुणी ठेवला?’ मीच ठेवला होता, वायर दिसू नये म्हणून. तिनं तो पॅसेजमधल्या उंच फळीवर नेला, मागच्या खोलीतला वेग ६०वर गेला. मग तिनं मला समजावलं की चांगल्या चित्राच्या व्हिडिओला पाच-सहा एमबीपीएस पुरतात. घरात एका वेळी तिघंजण बघत असली तरी तीसमध्ये काम भागतं. आम्ही ३९९च्या ३० एमबीपीएसच्या प्लॅनवर उतरलो. जाहिरातीत ३९९, हातात येणारं बिल ४७०.८२. गेल्या कित्येक महिन्यांत एकदाही काही अडलेलं नाही. दोन वर्षं आम्ही त्या कपाटाचं भाडं भरत होतो.

केबलला मात्र वेळ लागला, आणि तिथेच मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

२०१९च्या फेब्रुवारीपासून आपल्याला हवे तेवढेच चॅनेल निवडून घ्यायचा हक्क आहे. तेव्हा जोडणीचे जास्तीत जास्त १३० रुपये अधिक कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यावर घ्याल त्या पैसेवाल्या चॅनेलची किंमत, असा हिशेब होता. २०२४च्या जुलैत ती १३०ची मर्यादा ट्रायनं, म्हणजे फोन आणि टीव्हीसेवांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, काढली, पण सुटे चॅनेल निवडायचा हक्क तसाच आहे. आम्ही तो कधी वापरलाच नव्हता. केबलवाल्यानं दिलेलं मोठं पॅकेज, त्यात कन्नड, तेलुगूपासून सगळं. मी एक वही आणि पेन टीव्हीपाशी ठेवलं आणि आठवडाभर कोण काय बघतं ते लिहायला सांगितलं.

वहीत नऊ चॅनेल निघाले. नवऱ्याचं क्रिकेट आणि एक बातम्यांचं. माझं जवळजवळ काहीच नाही. बाकी सासूबाईंचं, संध्याकाळी सात ते साडेनऊ, दोन मराठी चॅनेल. पण वहीत आणखी एक नोंद होती, त्यांच्याच थरथरत्या अक्षरात: ‘दुपारी १२ ते ४, काहीही.’ मी विचारलं, ‘आई, काहीही म्हणजे?’ त्या म्हणाल्या, ‘तू ऑफिसला, हा कारखान्यात, पोरगी पुण्याला. घरात कुणाचा आवाज नको का?’

पंधरा वर्षं मी त्यांच्याबरोबर राहते आहे. दुपारी टीव्ही उगाच चालू असतो, वीज जाते, असं मी कितीदा मनात म्हटलं असेन, एकदोनदा तोंडानंही म्हटलं असेल. त्या बघत नव्हत्या. त्या सोबतीला आवाज लावून भाजी निवडत होत्या. खर्च कमी करायला बसले नसते तर हे मी कधी विचारलं असतं का, मला माहीत नाही. त्या नोंदीपुढे मी काहीही खोडलं नाही. उलट त्यांना जुन्या गाण्यांचं एक चॅनेल हवं होतं तेही यादीत घातलं.

बेडरूममधल्या टीव्हीची जोडणी बंद केली. तो आम्ही झोपेची गोळी म्हणून वापरत होतो. केबलवाल्याला यादी दिली तर तो म्हणाला, ‘वहिनी, असं सुटं कुणी घेत नाही.’ तीनदा फेऱ्या झाल्या. तिसऱ्यांदा मी यादी चॅनेलच्या किमतींसकट लिहून दिली आणि शांतपणे उभी राहिले. आता महिन्याला २९० जातात. माझं सांगणं एवढंच की यादी लिहूनच द्यावी. तोंडी सांगितलेलं पुन्हा पॅकेजमध्ये विरघळतं.

अण्णांच्या टीव्हीचा तर प्रश्नच नव्हता. त्यांच्या कौलांवर डीडी फ्री डिशची छत्री आहे. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की दर महिन्याला काही भरायचं नाही, २००४ पासून ती सोय आहे. अण्णांना सह्याद्रीच्या बातम्या आणि हवामान एवढंच लागतं. पावसात चित्र जातं, मग ते रेडिओ लावतात.

राहिले फोन. चौघांनाही रोज दीड जीबी कशाला, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता. एकानं घेतला म्हणून सगळ्यांना घेतला. सासूबाईंचा फोन उंबरठ्याबाहेर गेला तर देवळापर्यंत. त्यांचं व्हॉट्सॲप घरच्या वाय-फायवर चालतं. मी ऑफिसात आणि घरी, दोन्हीकडे वाय-फायमध्ये. माझ्यासाठी ८४ दिवसांचा पॅक घेतला. त्यात सगळे मिळून सहा जीबी, आणि तेही उरतात. त्यासाठी कंपनी बदलावी लागली. १९००ला पोर्ट असा मेसेज नंबरासकट पाठवला, कोड आला, दुकानात आधार दाखवलं, तीन दिवसांत नंबर तोच आणि कंपनी नवी. ही सोय देशभर २०११ पासून आहे. गावी मात्र तिचा उपयोग शून्य. अण्णांच्या घरी एकाच कंपनीची रेंज येते, तीही विहिरीकडच्या फणसाखाली. शहरात बसून ‘परवडत नाही तर कंपनी बदला’ म्हणणं सोपं आहे.

सासूबाई आणि अण्णांसाठी शोधताना मला ते सापडलं जे आधीच सापडायला हवं होतं. २०२४च्या डिसेंबरात ट्रायनं नियम बदलला: ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक कंपन्यांनी द्यायलाच हवेत, आणि अशा पॅकची मुदत नव्वद दिवसांऐवजी ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल. त्याप्रमाणे २०२५च्या जानेवारीत पॅक आलेही. रिचार्जच्या पानावर ते अगदी खाली असतात, वर डेटाचे रंगीत चौकोन. मी कधी खालपर्यंत गेलेच नव्हते. १,८४९ रुपयांत ३६५ दिवस. अण्णांच्या साध्या बटणांच्या फोनला इंटरनेट उघडताही येत नाही आणि आम्ही त्यांच्यासाठी दर चार आठवड्यांनी डेटासकट पॅक भरत होतो.

मला राग आला तो इथे, आणि तो अजून गेलेला नाही. २००३ पासून येणाऱ्या फोनला पैसे लागत नव्हते. कितीतरी घरांत म्हाताऱ्या माणसांचा फोन नुसता उचलण्यासाठी असायचा, वर्ष वर्ष त्यात काही भरावं लागत नसे. २०१८च्या अखेरीपासून ते बदललं, किमान रिचार्ज नसेल तर काही दिवसांनी येणारे कॉलही बंद. तेव्हा तो किमान आकडा पस्तीस रुपये होता. २०२५पर्यंत आमच्याकडे तो १९९ झाला होता. मुलाचा फोन उचलता यावा म्हणून आईनं दर अठ्ठावीस दिवसांनी पैसे भरायचे, यात मला काहीतरी मुळातच चुकलेलं दिसतं. बाजाराची गणितं मला कळतात. टॉवर फुकट चालत नाहीत, हेही कळतं. पण तापात दोन रात्री लावलेला तो फोन माझ्या कानात आहे.

२३ ऑगस्टला अण्णांचा वर्षाचा रिचार्ज केला. त्याच संध्याकाळी सासूबाईंचाही. नवऱ्यानं ३,५९९चा वर्षाचा घेतला, त्याला जेवणाच्या सुट्टीत डेटा लागतो. लेकीचा जसा होता तसा ठेवला, तिचं सगळं शिक्षणच फोनवर चालतं. पुन्हा बेरीज केली. वर्षाला सोळा हजारांहून जास्त रुपये वाचणार होते.

हे मी आनंदानं कामाच्या मावशींना सांगत होते. त्या ओटा पुसता पुसता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘ताई, माझाबी १९९चाच हाय. पर एकदम अठराशे कुठनं आणू?’

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. त्याच बोलण्यासाठी मावशी वर्षाला २,५८७ भरणार आणि मी १,८४९. फरक ७३८ रुपये, त्यांच्या आमच्याकडच्या पगाराचे कितीतरी दिवस. हातात एकरकमी पैसे आहेत त्याला वस्तू स्वस्त आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला तीच महाग. तेल सुटं घेतलं की महाग पडतं, डबा घेतला की स्वस्त, हे आमची आई सांगायची. आमच्या चाळीत तेव्हा चार घरं मिळून डबा आणायची आणि मापानं वाटून घ्यायची. मी मावशींचा वर्षाचा रिचार्ज भरला आणि पगारातून दर महिन्याला १५४ रुपये कापायचे ठरवलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी बहिणीचा नंबर आणला, ती समोरच्या इमारतीत काम करते. तिच्या मालकिणीशी मी बोलले. त्यांनीही तसंच केलं. त्या इमारतीत आता अशा पाच बायका आहेत. हे फार मोठं काम नाही, पण वाचलेल्या सोळा हजारांपेक्षा मला याचं समाधान अधिक आहे आणि ते लपवायचं कारण नाही.

आणि अण्णा? वर्षभराचे पैसे एकदम भरलेत, बोललात किंवा नाही बोललात तरी तेवढेच, असं मी गावी जाऊन समोर बसून सांगितलं. ‘वर्षाचं?’ ते म्हणाले. पावती मागितली. मी फोनवर आलेला मेसेज वाचून दाखवला तो त्यांनी वहीत उतरवून घेतला. आठवडाभर मिस्ड कॉलच आले. मग एका संध्याकाळी रिंग थांबेना. मी घाबरून उचलला. अण्णांना काहीच नव्हतं सांगायचं. सुपारी उतरवायला माणूस मिळत नाही, माजघरात मांजरीनं पिल्लं दिली, अकरा मिनिटं.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी २०२६चं कालनिर्णय आणलं. जुन्यावरच्या खुणा नव्यावर उतरवायला बसले. दूध, गॅस, विम्याचा हप्ता. अण्णांचा रिचार्ज २२ ऑगस्टला संपतो. या वेळी दहा दिवस आधीच भरायचा म्हणून ऑगस्टच्या पानावर मागे मोजत गेले तर १२ तारीख आली, बुधवार. अधिक ज्येष्ठामुळे नव्या वर्षात अवस पुढे गेली होती, आणि त्या चौकोनात छापलं होतं, दीप अमावास्या. मी पेन्सिल बाजूला ठेवून लाल पेन घेतलं आणि तिथे ‘अ’ लिहिला.